लूमिस बहिणींच्या फण्या

ज्याला हे खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं मानावं. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती बाई आमच्याच घरातली, आणि थापा मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने हे हयातीत दोनदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

साल १९२७. फेब्रुवारी महिना. ऑन्टारिओ सरोवराच्या अलीकडचं हार्टवेल कॉर्नर्स गाव, आणि गावाबाहेर सफरचंदांच्या बागेत उभं असलेलं लूमिसांचं घर.

वेळ संध्याकाळची.

रात्र नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण ऐकणारा लगेच म्हणतो, अंधारात भास झाला असेल. अंधार नव्हताच. बाहेर सगळीकडे बर्फ होतं आणि त्याचा पांढरा उजेड खिडक्यांतून आत भरला होता. सुईत दोरा ओवता आला असता इतका.

त्या उजेडात आयडेलाने जे पाहिलं...

पण आधी त्या घरात कोण राहत होतं ते सांगायला हवं.

लूमिसांच्या पाच बहिणी एके काळी देशभर ठाऊक होत्या. ड्रुसिला, लव्हिना, मिनर्व्हा, फीबी आणि क्लॅरिसा. गावोगाव फिरून स्तोत्रं गायच्या. त्यांचं गाणं ऐकायला मात्र कुणी येत नसे, आणि हे त्यांच्या बापालाही माहीत होतं. "देवाने हात आखडता घेतला तो फक्त गळ्यापुरता," असं तो हसत सांगायचा. शेवटच्या कडव्याला पाचही जणी प्रेक्षकांकडे पाठ फिरवायच्या, आकडे काढायच्या आणि केस मोकळे सोडायच्या. केस खांद्यांवरून, कमरेवरून, टाचांवरून खाली उतरून रंगमंचाच्या फळ्यांवर पसरायचे. सभागृहात श्वास ऐकू यायचा म्हणतात.

पुढे त्यांच्या नावाचं केसांचं तेल निघालं. बाटलीवर पाच पाठमोऱ्या बहिणी.

मग बायका केस कापायला लागल्या. बॉबकट आला आणि तेलाच्या बाटल्या दुकानांत धूळ खात पडल्या.

पाचांतल्या तिघी वारल्या. उरल्या दोघी. तिखट जिभेची लव्हिना आणि सगळ्यांत धाकटी क्लॅरिसा. दोघी सत्तरीच्या पुढच्या.

आयडेला त्यांच्या भावाची मुलगी. शिक्षिकेचं शिक्षण झालेली, तिशीला टेकलेली, आणि काळजीने पोखरलेली. नवरा एल्मर क्षयाच्या इस्पितळात होता. बफेलोमधली भाड्याची खोली सुटली होती. बाप केव्हाच गेलेला. म्हणून पाच वर्षांच्या नेटीला घेऊन ती आत्यांकडे आली. त्यांना करून घालायचं आणि त्याबदल्यात राहायचं, असं ठरलं होतं.

दुसरीकडे जायला जागा नव्हती. हे आत्यांनाही माहीत होतं.

दारातच लव्हिनाने तिच्या बॉबकटकडे पाहिलं.

"हे काय गं? कोंबडी सोलता सोलता मध्येच उठून गेलं का कुणी?"

आयडेला हसली. डोक्यावर छप्पर हवं असलं की माणूस हसतो.

क्लॅरिसाने आयडेलाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती कुरकुरत्या गुडघ्यांवर नेटीसमोर खाली बसली. नेटीच्या खांद्यापर्यंत आलेल्या तपकिरी कुरळ्या बटेत तिने बोट घातलं, बट लांब ओढली आणि सोडून दिली. बट परत गुंडाळली गेली.

"हिचे कापू नका हं," एवढंच ती म्हणाली.

त्या घरात एक रिवाज होता.

रोज कातरवेळी, दिवा लावायच्या आधी, दोघी बहिणी समोरच्या दिवाणखान्यात जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. विंचरायला.

हा रिवाज त्यांच्या आईचा. पाच मुली, पाच डोकी आणि आई एकटी. म्हणून तिने पाचही जणींना वयाप्रमाणे एकीमागे एक बसवलं. धाकटी सगळ्यांत पुढे, थोरली सगळ्यांत मागे. जिने तिने आपल्या पुढचीचे केस विंचरायचे. थोरलीचे आई विंचरायची. आई गेल्यावर थोरलीचे कुणीच नाही.

पाच तिवया अजून तशाच रांगेत होत्या. लव्हिना मागून दुसऱ्या तिवईवर बसे, क्लॅरिसा सगळ्यांत पुढे. मधल्या दोन रिकाम्या. लव्हिनाच्या मागची रिकामी.

आयडेलाला सगळ्यावर लक्ष ठेवायची सवय होती. लहान मूल असलेल्या बाईला असतेच.

पहिल्या काही दिवसांतच तिला एक गोष्ट खटकली. लव्हिनाचे हात संधिवाताने वाकडे झाले होते. तिला चमचा धरता येत नसे. पोशाखाची बटणं आयडेलाच लावायची. क्लॅरिसाचे हात तर सतत थरथरायचे.

आणि तरी रोज दिवाणखान्यातून बाहेर येताना दोघींचे केस असे असायचे की एक केस वाकडा नाही. मधोमध सरळ भांग. माणसाच्या उंचीपेक्षा लांब केसांची घट्ट, चोपडी वेणी.

हे कोण करत होतं?

ती स्वैपाकघरात बटाटे सोलत बसायची आणि कान तिकडे असायचे.

आधी काहीच नाही.

मग...

सर्र... सर्र...

फणी केसांतून फिरल्याचा आवाज. आयडेला मनाशी म्हणायची, लव्हिनाआत्या कशीबशी विंचरत असेल क्लॅरिसाआत्याचे.

मग त्या आवाजात दुसरा मिसळायचा. थोडा मागून येणारा, जड.

मग तिसरा.

घरात माणसं दोन.

एकदा तिने न राहवून विचारलं. लव्हिना शेगडीशी पाय शेकत बसली होती. तिने मान वळवली नाही.

"तू कशाला घाबरतेस? तुला कुणी हात लावणार नाही. धरायला ठेवलंयस काय डोक्यावर?"

आयडेलाने हे बोलणं थट्टेवारी नेलं. पण ते तिच्या डोक्यातून गेलं नाही. आणि पुढे घात झाला तो ह्याच बोलण्याने.

एका सकाळी धिरडी वाढताना क्लॅरिसा आपणहून बोलायला लागली. ती सहसा बोलत नसे. जन्मभर आपण विंचरून घेतलं, ती म्हणाली, पण विंचरलं कुणालाच नाही. बहिणी विंचरताना गप्पा मारायच्या आणि आपण मात्र भिंतीकडे बघत मांडीत हात घेऊन बसायचो. आपल्यापुढे कुणी कधी बसलंच नाही.

"तुझ्यानंतर आईला मुलगा झाला त्याला आम्ही काय करणार?" लव्हिना म्हणाली. "बसवायचा होतास त्यालाच. टक्कल पडायच्या आधी."

दोघी हसल्या. आयडेलाही हसली, तो मुलगा म्हणजे तिचाच बाप.

क्लॅरिसा हसता हसता नेटीकडे बघत होती. नेटी पाकात बोट बुडवून चाटत होती.

दुसऱ्या दिवशी आयडेला झाडायला दिवाणखान्यात गेली.

पाच तिवयांपुढे एक सहावी होती. पाय ठेवायची, बुटकी, लहान मुलाला बसता येईल अशी.

तिने ती उचलून माळ्यावर नेऊन ठेवली. संध्याकाळी तिवई परत जागेवर होती.

माळ्याच्या जिन्याला पंधरा-वीस तरी उंच पायऱ्या. त्या दोघी म्हाताऱ्या कुणाच्या आधाराशिवाय ओटासुद्धा उतरत नसत.

त्याच आठवड्यात सरोवरावरचा वारा फिरला. शेजारचे टटलकाका दूध घालायला आले तेव्हा त्यांच्या मिशांवर बर्फ साठलं होतं. बर्फावर घसरणाऱ्या बिनचाकांच्या गाडीचा घोडासुद्धा आता पोटापर्यंत रुततोय, ते म्हणाले. उद्यापासून रस्ता बंद. गावात काही काम असेल तर आत्ताच सांग पोरी, तुला नि लेकीला पोचवतो.

आयडेलाने विचार केला. गावात उतरून जायचं कुणाकडे? तिने बाटली घेतली, आभार मानले आणि दार लावलं.

तिने नेटीला कडेवर घेऊन त्या गाडीत बसायला हवं होतं. हे ती दोन्ही वेळा सांगताना म्हणाली.

त्या संध्याकाळी फण्यांचा आवाज सुरू झाला आणि तिने मागे वळून पाहिलं तर...

नेटी जागेवर नव्हती.

आयडेला धावली. नेटी दिवाणखान्याच्या दाराशी उभी होती. दार वीतभर उघडं होतं. पोरगी आत बघत होती, शांतपणे, जसं एखादं मूल खिडकीतून रस्ता बघतं.

आयडेलाने तिच्या डोक्यावरून आत पाहिलं.

खिडक्यांतून बर्फाचा उजेड येत होता. सगळं लख्ख दिसत होतं.

क्लॅरिसा पुढच्या तिवईवर, हात मांडीत. तिचे केस मागे ताणलेले होते. ते वर उचलले जात होते, खाली येत होते, पुन्हा वर. केसांतून एक फणी फिरत होती.

फणी धरणारं कुणी नव्हतं.

मागे लव्हिना. तिचे वाकडे हात पुढे पसरलेले आणि समोरच्या रिकाम्या तिवईवर हवेत फणी चालवत असलेले. आणि तिच्या पाठीमागे तिचेही केस उचलले जात होते... सावकाश... एकेक पेड.

आयडेलाने नेटीचा खांदा घट्ट धरला.

नेटी कुजबुजली.

"आई, सगळ्यात मागच्या आजीचे केस बघ ना किती गुंतलेत. तिचे कुणीच विंचरत नाही."

सगळ्यात मागची ड्रुसिला. ती जाऊन दहा वर्षं होऊन गेली होती.

त्या रात्री आयडेला लेकीला कवटाळून बसून राहिली. बाहेर पडायची सोय नव्हती. खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ चढलं होतं. सकाळपर्यंत तिला एकच वाट सुचली. लव्हिनाने स्वतःच सांगितलं होतं ना, धरायला काही नसलं की कुणी हात लावत नाही.

दुपारी म्हाताऱ्या निजल्या होत्या. तिने स्वैपाकघराचं दार लावलं, नेटीला टेबलावर बसवलं आणि कात्री घेतली.

पोरगी रडली. आयडेलाने तिला साखरेचा खडा दिला आणि कापत राहिली. कानांच्या वरपर्यंत. मानेवर एक बट ठेवली नाही. काम झालं तेव्हा नेटी एखाद्या भादरलेल्या कोकरासारखी दिसत होती, आणि आयडेलाला कित्येक दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

मग तिने जमीन साफ केली.

चूक इथे झाली.

लूमिसांच्या घरात केस टाकत नाहीत. जाळतही नाहीत. जाळले की ज्याचे त्याला ताप भरतो आणि बाहेर टाकले की पाखरं घरट्यात नेतात, असं त्यांच्यात मानतात. गुंतवळ बोटाला गुंडाळायची आणि चिनीमातीच्या डबीत घालायची. डबीच्या झाकणाला त्यासाठीच मधोमध भोक असतं. आयडेलाचा बाप आपल्या दाढीचे कापलेले केससुद्धा अशाच डबीत घालायचा. तिला हे बोलायला लागायच्या आधीपासून ठाऊक होतं. तिचा स्वतःचा बॉबकट बफेलोच्या न्हाव्याने केला होता आणि त्याने केस झाडूने रस्त्यावर लोटून दिले होते. म्हणून ते डबीत गेले नाहीत.

नेटीचे केस मात्र तिने स्वतः गोळा केले. एकूणएक बट. विचार न करता, हाताच्या सवयीने. दिवाणखान्यातल्या फळीवरची डबी काढली, केस आत सारले, झाकण लावलं आणि हात पुसले.

तिच्या मनात काहीसुद्धा आलं नाही.

कातरवेळ झाली. बहिणी आत गेल्या. जाताना क्लॅरिसाने नेटीच्या डोक्याकडे पाहिलं आणि मान वळवली. आयडेलाला वाटलं, जिंकलो.

तिने स्वैपाकघराचं दार लावून घेतलं. खुर्ची दाराला टेकवली. नेटी चुलीजवळ जमिनीवर बसून लाकडी घोडा फिरवत होती.

सर्र... सर्र...

येऊ दे, आयडेला मनात म्हणाली.

दुसरी फणी. तिसरी. चौथी.

मग थोडं थांबून...

एक अगदी हलकी. नवी. घाबरत घाबरत चालणारी, जशी कुणी पहिल्यांदाच हातात धरली आहे.

नेटीच्या हातातला घोडा थांबला.

तिची मान हळूच मागे गेली. पुढे आली. पुन्हा मागे गेली. विंचरताना लहान मुलाची मान जशी जाते तशी. तिने डोळे मिटले. चेहऱ्यावर गुंगी आली.

तिच्या पाठीमागे भिंत होती.

आयडेलाने खुर्ची लाथाडली आणि दिवाणखान्याचं दार उघडलं.

क्लॅरिसा विंचरत होती. तिचे हात आता थरथरत नव्हते. तिच्यापुढच्या बुटक्या तिवईवर कुणी नव्हतं.

पण त्या तिवईच्या वर, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर...

नेटीच्या तपकिरी बटा हवेत लोंबत होत्या.

आयडेलाने झडप घातली. तिने त्या बटा मुठीत धरल्या आणि जीव एकवटून ओढल्या.

स्वैपाकघरातून नेटी किंचाळली.

आयडेलाने पुन्हा ओढलं. पुन्हा किंचाळी, आणि मग "आई, दुखतंय, आई."

"ओढू नकोस," मागून लव्हिना म्हणाली. तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. थकवा होता. "तिला लागतं. आम्ही ओढून पाहिलं नसेल असं वाटतं का तुला?"

आयडेलाची मूठ सुटली.

क्लॅरिसाने बटा पुन्हा सारख्या केल्या आणि फणी चालू झाली. ती हलकेच गुणगुणत होती. गळा खरंच बेसूर होता.

रस्ता उघडल्या उघडल्या आयडेलाने घर सोडलं. निघण्यापूर्वी तिने डबी उघडून पाहिली होती. रिकामी. तिने गाद्या उसवल्या, कपाटं उपसली. केस मिळाले नाहीत. आणि मिळाले असते तरी करणार काय होती? जाळले असते तर? नुसतं ओढल्याने पोरगी अशी किंचाळली होती.

लव्हिना दारापर्यंत आली. आयडेलाने तिला हात जोडून विचारलं, ह्यातून सुटायचं कसं.

"ते कळलं असतं तर मी इथे असते का गं?" ती म्हणाली आणि आत गेली.

बफेलोमध्ये आयडेला एका शाळेच्या मागच्या खोलीत राहिली. रोज कातरवेळी नेटी हातातलं काम टाकायची आणि तिची मान मागे जायची. आयडेलाने दिवसाढवळ्या दिवे लावून पाहिले. पाद्र्याला आणलं, डॉक्टरला आणलं. डॉक्टर म्हणाला, वाढत्या वयात असं होतं, जाईल.

एल्मर त्याच वसंतात गेला. दोघी आत्या त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या आत गेल्या, एकीमागे एक. क्लॅरिसा गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी आयडेला श्वास रोखून बसली.

नेटीची मान मागे गेली. रोजच्यासारखीच.

आणखी काही वर्षांनी ते घर जळलं. दिवाणखाना, तिवया, फळी, सगळं. टटलकाकांच्या मुलाने ते डोळ्यांनी पाहिलं आणि कळवलं. आयडेला आधी भीतीने अर्धमेली झाली, लेकीला काही होईल म्हणून. लेकीला काही झालं नाही. मग तिच्या मनात आशा उगवली.

ती आशा संध्याकाळपर्यंत टिकली.

नेटीचे केस त्या दिवसानंतर कधी वाढले नाहीत. कानांच्या वर जिथे आईने कापले तिथेच थांबले. ती मोठी झाली, लग्न झालं, मुलगा झाला, नातू झाला. घरातल्या सगळ्यांना तिची सवय होती. संध्याकाळी थोडा वेळ आजीशी बोलायचं नाही, एवढंच मुलांना शिकवलेलं.

आयडेला गेली तेव्हा नेटी तिच्या उशाशी होती. म्हातारी लेकीच्या डोक्यावर हात फिरवत होती. कातरवेळ झाली आणि लेकीची मान तिच्या हाताखालून मागे सरकली. आयडेलाने हात काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

नेटीने आता ऐंशी ओलांडली आहे. मागच्या शरदात घरात तिची पणती जन्मली. डोक्यावर तपकिरी जावळ घेऊनच आली.

त्यानंतर नेटीची मान मागे जायची थांबली.

घरातले खूश झाले. इतक्या वर्षांनी म्हातारी सुटली, म्हणाले. त्या आठवड्यात कुणीतरी केकसुद्धा आणला.

पण कातरवेळी नेटी अजूनही खुर्चीत ताठ बसते. आता तिचे हात मांडीवरून उचलले जातात. डावा हात काहीतरी धरतो. उजवा वरून खाली येतो... वरून खाली येतो. समोर कुणी नसतं. काय करतेस असं विचारलं तर ती ओळख नसल्यासारखी बघते.

आधी ते हात अगदी खाली, गुडघ्यांच्याही खाली चालायचे. वाकून, जमिनीजवळ. म्हातारपण म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

गेल्या रविवारी बाळ पहिल्यांदा आधाराशिवाय बसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच संध्याकाळी नेटीचे हात वीतभर वर आले.

बाळाचं जावळ काढावं असं बाळाची आजी म्हणते. बाळाची आई काढू देत नाही. ठेवावं तरी तिला भीती वाटते. रोज दुपार कलली की ती लेकीला उचलून पाळण्यात आडवी करते आणि अंधार पडेपर्यंत तिच्या छातीवर हात दाबून धरते.

बाळ रडतं. त्याला उठून बसायचं असतं.